१४ × ११ ची मिवान खोली, ५.१.२ संच: बास एकाच सुरात घुमतो, संवाद कळत नाहीत

मंद्रसप्तक (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आधी खोलीचा तपशील. पुण्यातला फ्लॅट आहे. खोली आतून १४ फूट लांब, ११ फूट रुंद, छत ९.५ फुटांवर. इमारत मिवानची (ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतण्याची पद्धत), त्यामुळे चारही भिंती काँक्रीटच्या, वर जिप्समचा पातळ हात आणि रंग. खाली व्हिट्रिफाइड टाइल. एका ११ फुटी भिंतीवर टीव्ही, समोरच्या ११ फुटी भिंतीला टेकून कापडी तीन आसनी सोफा. डाव्या लांब भिंतीत ५ × ४ फुटांची सरकती ॲल्युमिनियम खिडकी, उजव्या भिंतीच्या मागच्या टोकाला दार. संच ५.१.२ म्हणजे पाच स्पीकर, एक सबवूफर आणि वरून आवाज देणारे दोन. सबवूफर एकच, १० इंची, टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात. सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात.

तक्रारी अशा: संवाद ऐकायला आवाज वाढवावा लागतो आणि लगेच मारामारीचा प्रसंग आला की कमी करावा लागतो. टाळी वाजवली की पत्र्यासारखा 'टर्रर्र' असा शेपटीचा आवाज येतो. सोफ्याच्या मधल्या जागी बास एका ठरावीक सुराला घुमतो, आणि कडेला बसलेल्या माणसाला वेगळाच बास ऐकू येतो.

रूम ईक्यू विझार्ड (खोलीतला आवाज मोजणारं सॉफ्टवेअर) आणि कॅलिब्रेशन फाइल असलेला माइक वापरून मोजलं आहे. मधल्या आसनावर ४० हर्ट्झला साधारण १२ डेसिबलचा उंचवटा, ५१ च्या आसपास खोल खड्डा. कडेच्या आसनावर त्याच ५१ ला उंचवटा. १ किलोहर्ट्झला आरटी ६० म्हणजे निनादकाल (आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ) १.१ सेकंद.

इंटिरियरवाल्याने सुचवलंय: चारही भिंतींना ९ मिमीचे पेट (दाबलेल्या पॉलिस्टर तंतूंचे) पॅनेल, कोपऱ्यांत फोमचे त्रिकोण, आणि कोव्ह लाइटसह (कडेच्या फटीत लपवलेल्या दिव्यांसह) फॉल्स सीलिंग. हे पुरेल का? नसेल तर कुठून सुरुवात करावी? सुतारकाम करून घेण्याची तयारी आहे.

---

लंबक

मोजून प्रश्न विचारलात हे उत्तम केलंत, त्यामुळे अंदाज बांधत बसायला नको. तुमचे तिन्ही त्रास वेगवेगळ्या कारणांचे आहेत आणि त्या प्रस्तावात त्यांतला फार तर दीड त्रास सुटतो.

बासपासून सुरू करू. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या कंप्रतेला स्थिर तरंग उभा राहतो ती काढायला सोपा हिशेब आहे: ५६५ भागिले फुटांतलं अंतर. १४ फुटांना ४० हर्ट्झ, ११ फुटांना ५१, ९.५ फुटांना ५९.५. तुमच्या आलेखातले आकडे हेच आहेत. या तरंगाचा दाब भिंतीशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर शून्य असतो. तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणून ४० चा पुरेपूर दाब कानावर. मधलं आसन रुंदीच्या मध्यावर, म्हणून तिथे ५१ चा पत्ता नाही. कडेचं आसन मध्यापासून सरकलेलं, म्हणून तिथे ५१ परत हजर. सबवूफर कोपऱ्यात असल्याने तो हे सगळे मोड (म्हणजे हे स्थिर तरंग) एकदम पेटवतो. विटांच्या जुन्या घरात, लाकडी दारं-खिडक्यांतून थोडा बास बाहेर निसटतो. मिवानच्या काँक्रीट भिंती तो जवळजवळ पूर्ण परत फेकतात, त्यामुळे हे उंचवटे जास्त टोकदार होतात आणि जास्त वेळ रेंगाळतात.

यावर ९ मिमी पेटचा परिणाम शून्य. सच्छिद्र शोषक हवेच्या कणांच्या हालचालीवर काम करतो, दाबावर नाही. आणि भिंतीला चिकटून हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ४० हर्ट्झची तरंगलांबी २८ फूट, पाव म्हणजे ७ फूट. तिथे ९ मिमी काय करणार? ते पॅनेल फक्त वरच्या पट्टीतला आवाज खाईल. चारही भिंती त्याने मढवल्या तर झांजा, श्वास, 'स' आणि 'श' मरतील, आणि घुमणारा बास तसाच राहील. खोली बंद-बंद आणि तरीही घुमणारी होते ती अशी.

पॅनेलच्या पत्रकावर ०.८, ०.९ असा एनआरसी दाखवतील. एनआरसी म्हणजे २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झच्या शोषणाची सरासरी. २५० च्या खालचं त्यात काही धरलेलंच नसतं. शिवाय चाचणी कशी केली ते विचारा. 'ई-४००' असं लिहिलं असेल तर पॅनेलमागे ४०० मिमी पोकळी ठेवून मोजलंय. भिंतीला चिकटवलेल्याचा आकडा 'टाइप ए' खाली असतो आणि तो बराच कमी निघतो.

आता कामाचा क्रम.

पहिलं, फुकटातलं: सोफा पुढे ओढा. कान मागच्या भिंतीपासून ४ फूट ८ इंचांवर यायला हवेत, म्हणजे लांबीच्या एकतृतीयांशावर. ७ फुटांवर (मध्यावर) बसलात तर ४० हर्ट्झ नाहीसा होईल. ३.५ फुटांवर (एकचतुर्थांशावर) बसलात तर ८० ला खड्डा पडेल, आणि ८० म्हणजे नेमका सब आणि स्पीकरमधला सांधा. एकतृतीयांशावर ४० आणि ८० दोन्ही निम्म्या दाबाने मिळतात. टीव्हीपासून अंतर ९ फुटांच्या थोडं वर उरतं, ते ठीक आहे.

दुसरं, संवादांसाठी: सेंटर स्पीकर खणातून बाहेर. निदान त्याचं तोंड फळीच्या काठाच्या इंचभर पुढे येऊ द्या, खालून रबरी गुटका देऊन तो कानाकडे रोखा, आणि खणातली मागची-बाजूची पोकळी रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) तुकड्यांनी भरा. खण पुरुषी आवाजाच्या पट्टीला फुगवतो आणि शब्द गढूळ होतात. सोफ्यापुढे काचेचा टीपॉय असेल तर चित्रपट बघताना तो बाजूला. त्यावरून येणारं परावर्तन थेट सेंटरचं असतं.

तिसरं, निनाद. डब्ल्यू. सी. सॅबिनने हार्वर्डमध्ये १८९५ पासून फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात प्रयोग करून जे सूत्र काढलं तेच आजही पुरतं (तो शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मोजायचा): काल = ०.०४९ × घनफूट ÷ एकूण शोषण. तुमची खोली १४६३ घनफूट. १.१ सेकंद म्हणजे आत्ता सुमारे ६५ सॅबिन शोषण आहे (एक सॅबिन म्हणजे पूर्ण शोषणाऱ्या एक चौरस फुटाएवढं). चित्रपटांसाठी ०.३ ते ०.४ सेकंद हवेत. ०.३५ धरलं तर २०५ सॅबिन लागतात. तूट १४० ची.

ती अशी भरा. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये खाली फेल्ट घातलेला ६ × ८ चा जाड गालिचा: सुमारे २०. खिडकीवर ७ × ६ फूट झाकेल असा जड मखमली पडदा, कापड दुप्पट घेऊन चुण्या पाडलेला: सुमारे ३०. उरले ९०. १ मीटर × ६० सेंमीचं एक पॅनेल साडेसहा चौरस फुटांचं, शोषण तेवढंच धरा. म्हणजे १४ ते १६ पॅनेल.

जागा:
— बाजूच्या भिंतींवर पहिल्या परावर्तनाच्या ठिकाणी दोन-दोन. तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवायचा. स्पीकर आरशात दिसला की तिथे पॅनेलचा मध्य. बसलेल्या माणसाचा कान ३६ ते ४० इंचांवर असतो, त्या उंचीला पॅनेलचा मधला भाग येऊ द्या.
— मागच्या भिंतीवर चार, सर्वांत जाड.
— टीव्हीकडच्या दोन कोपऱ्यांत तिरपी, एकावर एक दोन-दोन.
— डाव्या-उजव्या स्पीकरच्या मागे एक-एक.
— छतावर, स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये दोन.

डावीकडे परावर्तनाची जागा खिडकीवर पडली तर पडद्यावर भागवू नका. डावी बाजू पडद्याची आणि उजवी पॅनेलची असली की आवाजाचं चित्र एका बाजूला झुकतं. दोन पॅनेलना पाय लावा आणि चित्रपटाच्या वेळी पडद्यापुढे उभी करा.

खर्च करण्याआधी खात्री हवी असेल तर घरातल्या कापसाच्या गाद्या याच जागांवर उभ्या करून मोजा. चार इंची कापसाची गादी चांगली शोषक आहे. कायमची ठेवू नका, ओल आणि आग दोन्हींची भीती, पण चाचणीला याहून सोपं काही नाही.

---

दोनतारी

लंबक यांच्या मांडणीला धरूनच पॅनेल बनवण्याचं लिहितो, कारण काम इथेच फसतं.

माल: ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे ५० मिमी जाडीचे रॉकवूल स्लॅब. ९६ चा घेऊ नका. सुतार आणि दुकानदार दोघंही 'जितकं घट्ट तितकं भारी' म्हणतील. जाड शोषकात फार घट्ट लोकर हवेला आत शिरू देत नाही आणि खालच्या पट्टीत उलट कमी काम करते. आठ-दहा इंच जाडी करणार असाल तर २४ ते ३२ घनतेची ग्लासवूलसुद्धा चालते. हे सगळं एसी डक्टिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, अकूस्टिकच्या शोरूममध्ये शोधायची गरज नाही. स्लॅब आधी आणा, पट्टीने मोजा, मग फ्रेम कापा. साधारण १००० × ६०० मिमी येतो, पण कंपनीप्रमाणे माप बदलतं.

संख्या: मागच्या भिंतीची ४, कोपऱ्यांची ४ आणि स्पीकरमागची २ पॅनेल १०० मिमी जाड, म्हणजे प्रत्येकी दोन स्लॅब: २०. बाजूची ४ आणि छताची २, प्रत्येकी एक: ६. एकूण २६ स्लॅब, वजन ३७-३८ किलो.

फ्रेम: १२ मिमी प्लाय, सगळ्या १६ फ्रेम १०० मिमी खोल. जिथे एकच स्लॅब आहे तिथे तो पुढच्या बाजूला ठेवायचा, मागे ५० मिमी पोकळी आपोआप मिळते आणि त्याच मालात खालची जवळजवळ सप्तकभर पट्टी जास्त शोषली जाते. ८ × ४ च्या शीटमधून १०० मिमीच्या ११ पट्ट्या निघतात. एका फ्रेमला १०२४ मिमीचे दोन आणि ६०० चे दोन तुकडे; तीन पट्ट्यांत दोन फ्रेम बसतात. १६ फ्रेमना २४ पट्ट्या, म्हणजे तीन शीट. उरलेल्या नऊ पट्ट्या मागच्या आडव्या आधाराला. खोल पॅनेलच्या बाजूच्या प्लायला ५० मिमीची होलसॉ मारून भोकं पाडली तर कडेनेही शोषण होतं. लांब बाजूला पाच-सहा पुरे.

कापड: तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडे हाताला लागली तर पास. दोसुती, खादी, मांजरपाट पास होतात. रेक्झिन, मागे रबरचा थर असलेलं सोफ्याचं कापड आणि पडद्याचं ब्लॅकआउट नापास. ५४ इंच पन्ह्याचं कापड घेतलं तर एका पॅनेलला ९० सेंमी लागतं, सोळांना १५ मीटर. दोसुती, खादी धुतल्यावर आटतात, म्हणून आधी भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या पावसाळ्यात ताण बदलून पोटं सुटतात.

स्लॅबभोवती काळा फायबर टिश्यू गुंडाळा, मग कापड. मागची बाजूही नॉन-वोव्हन कापडाने बंद करा. हे न केल्यास पंख्याच्या झोतात बारीक तंतू खोलीत येतात. कापताना पूर्ण बाह्या, हातमोजे, एन-९५ मास्क, आणि काम गच्चीत. पाव कापायच्या दातेरी सुरीने सरळ कापलं जातं.

टांगणं: मिवानच्या भिंतीत साध्या ड्रिलने भोक पडत नाही, हॅमर ड्रिल लागतं. ४५ अंशांत चिरलेली प्लायची पट्टी, अर्धी भिंतीला आणि अर्धी फ्रेमला, ही सर्वांत खात्रीची रीत. पॅनेल उचलून काढता येतं. छताचं पॅनेल चार-पाच किलोंचं होईल. चार अँकर आणि चार हुक, शिवाय एक वेगळी सुरक्षा-तार वेगळ्या अँकरला. पंख्याच्या पात्यांपासून दीड फूट तरी लांब.

बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर आधी ती दुरुस्त करा. रॉकवूल बुरशी धरत नाही, पण कापड आणि प्लाय धरतात. त्या भिंतीवर मागे दोन इंच मोकळे ठेवले की हवा फिरते आणि आवाजालाही फायदाच.

फोमचे त्रिकोण नकोच. बास ते खात नाहीत हे एक. दुसरं म्हणजे साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम पटकन पेट घेतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतो. ॲम्प्लिफायर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि एकच दार असलेल्या खोलीत तो नको. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचंही तेच: थर्माकोल बंद पेशींचा आहे, त्यात हवा शिरतच नाही.

---

गिलावा

वरच्या दोघांनी फॉल्स सीलिंगचा प्रश्न सोडून दिलाय. माझ्या मते तुमच्या खोलीत बासवरचं सर्वांत मोठं हत्यार तेच आहे, फक्त इंटिरियरवाला म्हणतो तसं नाही.

बंद हवेच्या पोकळीपुढे ताणलेला सपाट पत्रा एका ठरावीक कंप्रतेला डोलतो आणि ती खातो. सूत्र: ६० भागिले (वजन किलो प्रति चौमी × पोकळी मीटरमध्ये) याचं वर्गमूळ. पोकळीत लोकर भरली तर ६० ऐवजी ५०. साडेबारा मिमीचं जिप्सम बोर्ड साधारण साडेआठ किलो प्रति चौमी. छतापासून १०० मिमी खाली बसवलं तर रिकाम्या पोकळीला ६५, भरलेल्या पोकळीला ५४ हर्ट्झ. तुमचा उंचीचा मोड ५९.५ आणि रुंदीचा ५१. दोन्ही त्या टापूत, आणि क्षेत्रफळ अख्ख्या छताचं, १५४ चौरस फूट. तेवढा शोषक भिंतीवर बसवायला जागाच नाही. सूत्र आदर्श पत्र्याचं आहे. जीआय सेक्शनच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या) सांगाड्यामुळे प्रत्यक्षात कंप्रता थोडी इकडेतिकडे होते आणि पट्टा रुंदावतो, ते आपल्या फायद्याचंच.

पण तीन अटी. एक, कोव्ह लाइट नको. कडेने दिव्याची फट ठेवली की आतली हवा कोंडलेली राहत नाही आणि हा परिणाम बराच घटतो. बोर्ड भिंतीपर्यंत न्या, कडेला ५ मिमी फट ठेवून ती अकूस्टिक सीलंटने भरा. पुट्टीने भरू नका, पुट्टी तडकते. दोन, वर ५० मिमी रॉकवूल मोकळी पसरा, दाबून ठोसू नका. तीन, आवाजाने खडखडणार नाही असं काम: सांगाड्याच्या प्रत्येक सांध्याला स्क्रू, नुसता चिमटा नाही. बोर्डचे स्क्रू २०० मिमी अंतराने, वरून जाणारी वायर टायने बांधलेली. छतातले ॲटमॉस (वरून आवाज देणारे) स्पीकर असतील तर प्रत्येकाच्या मागे बंद पेटी, नाहीतर तिथेच भोक.

पीओपीचं जाळीवरचं सीलिंग हे काम करत नाही. ते कडक आणि नक्षीमुळे तुकड्यातुकड्याचं असतं.

आणि लंबक, कोपऱ्यातल्या दोन इंची-चार इंची तिरप्या पॅनेलकडून ४० हर्ट्झची अपेक्षा ठेवू नका. १०० मिमी पॅनेल कोपऱ्यात साधारण १०० हर्ट्झच्या वर नीट चालतं. खाली हळूहळू हात टेकतं.

---

लंबक

गिलावा, मान्य. कोपऱ्यातली पॅनेल मी ८० ते २०० च्या पट्ट्यासाठीच धरली आहेत, तिथे पुरुषी आवाज आणि ढोल बसतात. ४० साठी सच्छिद्र शोषक परवडत नाही, पत्र्याची पेटीही नाही: ४० ला १२ मिमी प्लाय घेतलं (सात किलो) तर रिकामी पेटी ३२० मिमी खोल लागते. फूटभराहून जास्त जागा कोण देणार? ४० चा बंदोबस्त सबच्या जागेने करायचा, त्यावर कुणीतरी लिहाच.

जिप्समच्या सीलिंगबद्दल एकच भर: उंची पाच इंचांनी कमी होते, तेव्हा छतावरची दोन पॅनेल लटकवण्याऐवजी बोर्डात तेवढा कापडी खण घ्यायचा मोह होईल. नको. पोकळी पुन्हा फुटते. पॅनेल खालीच लावा.

---

मंद्रसप्तक

सगळ्यांचे आभार. कोव्ह लाइट रद्द करतोय. दोन प्रश्न उरले. खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं राहतं, ही पॅनेल लावल्यावर त्यांना त्रास कमी होईल का? आणि दुसरा सबवूफर घेतला तर नेमका कुठे ठेवायचा?

---

गिलावा

पहिल्याचं उत्तर: नाही. खोलीतला आवाज सुधारणं आणि आवाज बाहेर न जाऊ देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पॅनेल निनाद घटवतात, भिंतीतून आणि स्लॅबमधून जाणाऱ्या ३०-४० हर्ट्झला त्यांचा पत्ताही लागत नाही. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि हवाबंदपणा लागतो.

काँक्रीट वजनदार आहेच, त्यामुळे तुमच्याकडे कमजोर जागा दार, खिडकी आणि एसीच्या पाइपचं भोक. ७ × ३ च्या दाराखाली १० मिमी फट असेल तर दार कितीही भारी असो, एकूण अडवणूक २३ डेसिबलच्या पुढे जात नाही, कारण ती फट दाराच्या जवळजवळ अर्धा टक्का आहे. चौकटीला ईपीडीएम रबराची गॅस्केट, खाली दार बंद झालं की उतरणारं ड्रॉप सील. एसीच्या भोकात न वाळणारी पुट्टी ठासून. खिडकीला आतून दुसरी लॅमिनेटेड काचेची खिडकी, दोन काचांमध्ये जमेल तेवढं अंतर, चार इंच असलं तर उत्तम.

खालच्यांना जाणारा बास मात्र या कशानेच थांबत नाही. पूर्ण उपाय म्हणजे रबरवर तरंगती फरशी आणि खोलीत खोली, ते तुमच्या उंचीत बसवू नका. व्यवहार्य मार्ग: सब कानाजवळ आणा, म्हणजे तोच परिणाम कमी पातळीत मिळतो. रात्री रिसीव्हरमधली डायनॅमिक रेंज (बारीक आणि मोठ्या आवाजातलं अंतर) कमी करणारी सोय चालू ठेवा. सोफ्याखाली कंपनं देणारा शेकर बसवला तर सबची पातळी आणखी उतरवता येते, पण सोफ्याच्या पायांखाली रबर हवंच, नाहीतर शेकर थेट स्लॅब हलवेल. आणि ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. वयस्कर शेजारी असताना दहाच्या आत चित्रपट संपवणं हेच खरं.

---

कंठाळी

सबचं मी सांगतो.

हार्मनचे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांत सबच्या संख्या आणि जागा तपासून दाखवल्या. त्यातली दोन सबची मांडणी तुमच्यासाठी बरोबर बसते: समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एक-एक. एक टीव्हीखाली बरोबर मध्ये, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. लांबीच्या पहिल्या मोडमध्ये पुढच्या आणि मागच्या भिंतीशी दाब उलट असतो. दोन्ही सब एकाच वेळी हवा बाहेर ढकलतात आणि एकाच वेळी आत ओढतात, म्हणून ४० च्या मोडवरचा त्यांचा परिणाम एकमेकांना मारतो. रुंदीच्या मध्यावर असल्याने ५१ चा मोड ते पेटवतच नाहीत. म्हणजे मधलं आणि कडेचं आसन यांतला फरकच संपतो, आणि ते कुठल्याच इक्वलायझरला जमणार नव्हतं. मागे ठेवलेला सब कानाजवळही येतो, गिलावांचं म्हणणं साधतं.

किंमतही मोजावी लागते: ४० चा मोड गेला की त्याची फुकटची वाढही जाते. म्हणून दोन्ही सब सारखे घ्या, एकाच मॉडेलचे. वेगळे असले तर फेज (दोघांच्या लहरींची वेळ) जुळत नाही आणि हे मारणं-कापणं अर्धवट होतं. ८० चा मोड या मांडणीत राहतो, पण तुम्ही एकतृतीयांशावर बसलात की तो आटोक्यात असतो.

जोडणी, रिसीव्हरमध्ये: स्पीकर 'स्मॉल' (म्हणजे त्यांचा बास सबकडे जातो), क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकरमधला सांधा) ८०, एलएफईचा (चित्रपटातल्या बासच्या वेगळ्या ट्रॅकचा) लो-पास, म्हणजे वरची मर्यादा, १२०. सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटापर्यंत फिरवा किंवा 'एलएफई' वर ठेवा. ते ८० वर ठेवून रिसीव्हरमध्येही ८० लावलं तर दोनदा कापलं जातं आणि सांध्याला खड्डा पडतो. हा घोळ फार घरांत दिसतो.

मोजताना बाससाठी स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणारी सोय) बंद. एका वेळी एकच स्पीकर. माइक छताकडे रोखला तर ९० अंशांची कॅलिब्रेशन फाइल, स्पीकरकडे रोखला तर ० अंशांची. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, स्टँडवर, कानाच्या उंचीला. आधी २० ते १२० हर्ट्झचा सावकाश स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) वाजवून खोलीत फिरा: खिडकीची सरकती चौकट, ट्यूबलाइटची पट्टी, एसीचं झाकण, टीव्ही युनिटचं दार. जे खडखडेल तिथे फेल्टचे तुकडे. हे न करता मोजलंत तर ती खडखड आलेखात विकृती म्हणून दिसते आणि तुम्ही सबला दोष देता.

सब जागेवर, सोफा जागेवर, पॅनेल लागलेली, मग शेवटी इक्वलायझर. रिसीव्हरमधली आपोआप दुरुस्तीची प्रणाली ऑडिसी असो किंवा डिराक, त्याला उंचवटे कापू द्या, खड्डे भरायला लावू नका. परावर्तनाने पडलेल्या खड्ड्यात ६ डेसिबल घातले तर ॲम्पला चौपट वॉट मोजावे लागतात आणि तो खड्डा तसाच राहतो, कारण परावर्तनही तेवढंच वाढतं. वाढ द्यायचीच तर ३ डेसिबलपर्यंत. तुमच्या खोलीत सुधारणेनंतर सुमारे १८५ हर्ट्झच्या खाली मोड राज्य करतात, वर परावर्तनं. म्हणून दुरुस्तीची वरची मर्यादा २०० ते ३०० हर्ट्झवर बांधा. ऑडिसीच्या मोबाइल ॲपमध्ये ती सोय आहे. वरच्या भागाला पॅनेलनी जे केलंय ते इक्वलायझरने बिघडवू नका.

एवढ्यावर आरटी ६० चा आलेख पुन्हा काढा आणि २५० ते ४००० मध्ये तो सपाट आहे का ते बघा. ४००० ला ०.२ आणि २५० ला ०.५ आला तर वरचं जास्त शोषलं गेलंय. अशा वेळी बाजूच्या पॅनेलवर कापडाच्या आत जाड तपकिरी कागदाच्या चार इंची पट्ट्या, मध्ये तेवढंच अंतर सोडून, लावा. वरची पट्टी परत उसळते आणि खालची आत जाते. मागच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट ठेवायचा विचार असेल तर ते दोन पॅनेलच्या मध्ये ठेवा, दाराशिवायचं, आणि पुस्तकं मागे-पुढे सरकवलेली.